सच्छिद्र स्फटिकाचा जन्म: सिम्युलेशन की मशीन लर्निंग?

झिओलाइटसारख्या (सिलिकॉन, ऑक्सिजन वगैरे अणूंच्या जाळीचं खनिज) सच्छिद्र स्फटिकाचा पहिला गाभा इतका लहान आणि क्षणिक असतो, की प्रयोगात तो टिपणं फार अवघड. रेणूंचं सिम्युलेशन, म्हणजे त्यांच्या हालचालींची संगणकावर पावलागणिक नक्कल, तिथवर नेतं: कोणता सिलिकॉन कोणाशी जोडला गेला, अणूंचं कडं कधी पूर्ण झालं, सगळं दिसतं. पण एक पाऊल साधारण 1 फेम्टोसेकंदाचं, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाचं. 1 मायक्रोसेकंद गाठायला 1 अब्ज पावलं, आणि खरा स्फटिक वाढायला कित्येक तास, कधी दिवस लागतात!

मशीन लर्निंग झटपट. जुन्या नोंदींवरून कोणती रचना मिळेल याचा अंदाज देतं. कारण मात्र सांगत नाही. शिवाय फसलेले प्रयोग सहसा छापलेच जात नाहीत, त्यामुळे त्याचं शिक्षण एकांगी राहतं.

मला कारण हवं असतं, म्हणून माझा कल सिम्युलेशनकडे. त्यातली अणूंमधली बलं क्वांटम गणितांवर शिकवलेल्या मशीन लर्निंग मॉडेलकडून घेतली, तर जवळपास त्या गणितांइतकीच अचूकता कितीतरी कमी वेळात मिळते.