चार कॅमेऱ्यांचं लाइव्ह: एटेम मिनी प्रो घ्यावा का पीसी बनवावा

चार कॅमेऱ्यांचं लाइव्ह करायचंय म्हणून कॉम्प्युटरच्या दुकानात गेलात की काउंटरवरचा पोरगा पहिलं हेच विचारतो, ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकू. आणि पैसे नेमके तिथेच नको तेवढे जातात. अहो यूट्यूबला बाहेर जाणारी स्ट्रीम एकच असते, फुल एचडीला 6000 केबीपीएस धरा, तेवढं एन्कोड करायला, म्हणजे पाठवण्याजोगं दाबायला, एनव्हिडियाच्या साध्या कार्डातला एनव्हेंक हा एन्कोडर आरामात पुरतो, इंटेलच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंकपण पुरतं. खरा लोड असतो आत येणाऱ्या चार सिग्नलचा, आणि तिकडे कोणी बघतच नाही.

हिशोब सोपाय. फुल एचडी 60 फ्रेम्सचा कच्चा सिग्नल म्हणजे सेकंदाला साधारण 2 गिगाबिट. यूएसबी 3.0 कागदावर 5 गिगाबिट, तेही बऱ्याचदा एका कंट्रोलरवरच्या सगळ्या पोर्टांत वाटून. म्हणजे लॅपटॉपला तीन पोर्ट दिसतायत म्हणून तीन कॅप्चर कार्डं (कॅमेऱ्याचा सिग्नल कॉम्प्युटरात आणणारी डबी) लावली तर तिसरा कॅमेरा काळा दिसतो नाहीतर थोडा वेळ चालून अडकतो. हब लावून काही फायदा नाही, सगळे कॅमेरे शेवटी एकाच वायरीतून जाणार ना. ते स्वस्तातले कॅप्चर डोंगल मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांवर 3.0 छापलेलं असतं, पिनचं प्लास्टिकपण निळं, आत मात्र 2.0 ची चिप, 480 मेगाबिटवाली, मग ती चित्र एमजेपेगमध्ये दाबून पाठवते आणि नवरीच्या शालूवरच्या जरीचा पार चिखल होतो.

लग्न आणि सप्ताहाच्या कामाला आम्ही ब्लॅकमॅजिकचा एटेम मिनी प्रो वापरतो, म्हणजे बटण दाबून कॅमेरे बदलायचा स्विचर. 2020 ला आलेला, जेवणाच्या डब्याएवढा आहे, चार एचडीएमआय इनपुट. याचं सगळ्यात भारी काय तर प्रत्येक इनपुटला स्वतःचा कन्व्हर्टर आहे, एक जुना खांद्यावरचा कॅमेरा 50 आय देतोय आणि दुसरा मिररलेस 25 पी, म्हणजे दोघांचे फॉरमॅट वेगळे, तरी एटेम कुरकुर करत नाही. यूट्यूबची स्ट्रीम की (आपल्या लाइव्हचा गुप्त कोड) एकदा लॅपटॉपवरून टाकली की लॅन केबल लावून स्वतःच स्ट्रीम करतो, लॅपटॉप हँग झाला तरी लाइव्ह चालू. 12 व्होल्टवर चालतो त्यामुळे जनरेटर बदलाबदलीच्या वेळी छोट्या बॅटरीवर निभावतं.

पण एचडीएमआय आउट एकच. हे घेण्याआधी डोक्यात ठेवा. त्या एका आउटवर तुम्ही मल्टिव्ह्यू बघणार, म्हणजे चारही कॅमेरे एका टीव्हीवर, आणि काल्याच्या कीर्तनाला मंडपवाला येऊन म्हणतो एलईडी वॉलला फीड द्या. मग आम्ही यूएसबी-सी लॅपटॉपला जोडतो, ओबीएस या फुकटच्या लाइव्ह सॉफ्टवेअरमध्ये तो वेबकॅम म्हणून येतो, तिथून वॉलला फुलस्क्रीन. पण यूएसबी-सीपण एकच, ते असं वापरलं की डिस्कवर रेकॉर्डिंग नाही, रेकॉर्डिंगही लॅपटॉपवरच करायचं. हेडफोनचं भोक नाही हेही खटकतंच, कीर्तनाच्या कामाला आवाज ऐकल्याशिवाय कसं चालेल? साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन घेतली की महाराज बोलतात तोवर सगळं ठीक, टाळ सुरू झाले की मीटर लाल. लेव्हल टाळावर लावून घ्या, बोलण्यावर नाही. आणि टाळ आपटलेला दिसतो त्याच्या आधी ऐकू येत असेल तर आवाज डिले करा, 25 फ्रेम्सला एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद, दोनतीन फ्रेमचा फरक घरी बसून बघणाऱ्या आजीलाही कळतो.

टेनिस क्रिकेटच्या टुर्नामेंटला मात्र पीसीच पाहिजे, सतत बदलणारा स्कोअर, रिप्ले हे एटेमच्या आवाक्यातलं नाही. वीमिक्स हे सॉफ्टवेअर बेस्ट, 60 दिवसांची ट्रायल मिळते, रिप्ले वरच्या लायसन्समध्ये, आणि त्याला एनव्हिडियाचं कार्डच बरं. ओबीएसवर फुकटात भागवणार असाल तर माझं ऐका, इंटेलचा एफ नसलेला प्रोसेसर घ्या. दुकानदार एफवाला गळ्यात मारतात कारण स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं म्हणजे क्विक सिंकही नाही. एफ नसला तर ग्राफिक्स कार्डाशिवाय काम होतं आणि मेन स्लॉट चार इनपुटच्या पीसीआय एक्सप्रेस कॅप्चर कार्डाला मोकळा राहतो. दोन्ही कार्डं टाकायची तर मदरबोर्डचं मॅन्युअल उघडून बघा, दुसरा स्लॉट दिसायला लांब असतो पण आत कधी चार लेन (डेटा जायच्या वाटा), कधी एकच. चार असल्या तर निवांत, एक असली तर चार कॅमेरे 60 ला चालवायचं विसरा. रॅम 16 जीबी बास, आरजीबीचे पंखे नकोत, उन्हात दिसतही नाहीत.

बैलगाडा शर्यतीचं गणित अजून वेगळं. गाडा सुटतो तिथे एक कॅमेरा आणि झेंडा पडतो तिथे दुसरा, साध्या एचडीएमआयचा 10 मीटरच्या पुढे भरवसा नाही. तिथे एसडीआय केबल (लांब पल्ल्याच्या व्हिडिओची) ओढायची, चांगल्या आरजी-6 कोॲक्स वायरवर 100 मीटरपर्यंत एचडी सिग्नल जातो, पण मिनी प्रोला एसडीआय नाही म्हणजे दोन्ही टोकांना कन्व्हर्टर आला, प्रत्येकाचा अडॅप्टर आला, आणि तिकडच्या टोकाला लाइट कुठून आणायची हा प्रश्न आलाच. त्यापेक्षा आयोजकांना आधीच सांगून आपलं टेबल झेंड्याजवळ मागून घ्या, लोकांना शेवटच बघायचा असतो आणि झेंड्याजवळच्या कॅमेऱ्याची लांब केबल वाचते.