कुंभथॉन: शहर आणि विद्यापीठाची जोडी वापरून पाहिल्यावर

नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय. कॉलेजच्या पोरांना शहराच्या कामात घ्यायचं तर २०१५ च्या सिंहस्थासाठी कुंभथॉन या उपक्रमात वापरलेली पद्धत आधी नीट तपासून घ्यावी. नवीन करार छापायला वेळ लागत नाही. तो चालवताना दमछाक होते.

कुंभथॉनची मांडणी साधी होती. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांचा पुढाकार, त्यांच्याकडचे विद्यार्थी, इथली कॉलेजची आणि काही शाळेचीही मुलं, उद्योग आणि प्रशासन. २०१४ पासून सिंहस्थापर्यंत काही दिवसांची शिबिरं झाली. साथीच्या आजारांवर लक्ष ठेवणारं एपिमेट्रिक्स त्यातलंच. आमचा शेरा: पाचपैकी साडेतीन. गुण मिळाले ते अडचण शहराची होती म्हणून. गेले ते पद्धत शिबिराची होती म्हणून.

अडचण शहराची म्हणजे काय? २७ ऑगस्ट २००३ ला पंचवटीतल्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. त्यामुळे ‘गर्दी मोजा’ हा विषय कुणाला शोधावा लागला नाही. एरवी विद्यापीठ आपल्याकडची विद्या घेऊन शहराकडे जातं आणि ती कुठे लावता येईल ते विचारतं. इथे उलट झालं, आणि म्हणून अशिओतो उभा राहिला. निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने बनवलेली ही पायाच्या दाबावर मोजणी करणारी चटई. जपानीत अशिओतो म्हणजे पावलांचा आवाज.

चटईच का, हे बघण्यासारखं आहे. कॅमेऱ्याला पहाटेच्या अंधारात, छत्र्यांच्या गर्दीत माणसं वेगळी काढणं अवघड जातं, शिवाय चेहरे साठवले की खासगीपणाचा प्रश्न येतो. मोबाइलवरून मोजावं तर प्रत्येक आजीबाईकडे चालू फोन असतोच असं नाही. पाय मात्र सगळ्यांना जमिनीवर टेकावेच लागतात. पण चटई माणसं मोजत नाही, ठसे मोजते, आणि चूक नेमकी इथे होते. मोकळ्या रस्त्यावर माणूस ढांग टाकून एका पावलात पार होतो. गर्दी दाटली की पावलं आखूड पडतात, त्याच चटईवर तोच माणूस दोन-तीनदा नोंदला जातो. म्हणजे आकडा सगळ्यात जास्त फुगतो तो नेमका धोक्याच्या वेळी.

उपाय स्वस्त आहे. दोघांनी हातात टिकटिक करणारे काउंटर घेऊन पंधरा मिनिटं त्याच जागी माणसं मोजायची. माणसं ९०० आणि ठसे १,३५० आले, तर माणशी दीड ठसा. चटईचा आकडा दीडने भागायचा. हा हिशोब विरळ, मध्यम आणि दाट अशा तिन्ही गर्दीत वेगळा काढायचा. जाणारे-येणारे ओळखायचे तर चटया दोन, एकीमागे एक. जागा रस्ता अरुंद होतो तिथली, पण उतारावरची नको. कडा उचकटल्या की चटईच ठेच लागण्याचं कारण होते, म्हणून रुंद टेपने चारही बाजू बसवायच्या आणि वायर झाकायची. पाणी हा दुसरा शत्रू. घाटाजवळ ओले पाय, वरून भाद्रपदातला पाऊस, म्हणून जोड रबराने बंद हवेत. तिसरा घोळ नेटवर्कचा: गर्दी वाढली की मोबाइलचं जाळं कोलमडतं. आकडे आधी यंत्रातच साठवायचे, दर मिनिटाला पाठवायचा प्रयत्न करायचा आणि चौकीत वायरलेसवर तोंडी सांगायला एक माणूस ठेवायचा. तो माणूस सगळ्यात भरवशाचा.

आता कमी गुणांकडे. शिबिरात नमुना तयार होतो. सेवा चालवायला मात्र रोजचा माणूस लागतो. कुंभथॉननंतर टीसीएस फाउंडेशनचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नवकल्पना केंद्र नाशिकमध्ये सुरू झालं, हे चांगलंच. पण ते कंपनीच्या बळावर. विद्यापीठाच्या वेळापत्रकात शहराचं काम बसवणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि नाशिकमध्ये तो जरा विचित्र आहे. मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) या दोघांची मुख्यालयं इथे, पण त्यांचे विद्यार्थी महाराष्ट्रभर. शहरातल्या बहुतेक पारंपरिक कॉलेजांचे गुण आणि परीक्षा ठरतात दोनशे किलोमीटरवर पुणे विद्यापीठात. महापालिकेने बोलायचं कुणाशी?

२०१५ ला नाशिकच्या पर्वण्या, म्हणजे शाही स्नानाचे दिवस, २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला होत्या, म्हणजे भर पहिल्या सत्रात. इन-सेम (सत्राच्या मधली) परीक्षा तोंडावर असताना मुलगा रात्रभर घाटावर कसा थांबेल? नव्या शैक्षणिक धोरणामुळे यावेळी सोय झाली आहे. ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिट म्हणजे १२० तास. त्यातले २० तास परवानग्या आणि जागेच्या पाहणीला, ४० जोडणी आणि मोजणीच्या तपासणीला, ३० रंगीत तालमींना. उरलेले ३० तास तीन पर्वण्यांना, दर पर्वणीला दहा. रविवारी संध्याकाळी रामकुंडावर तालीम घेतली तर गर्दी आयती मिळते. मात्र ही विभागणी जूनमध्येच प्राचार्यांकडून मंजूर करून घ्यायची. ऑगस्टमध्ये मागितली तर ‘परीक्षेनंतर बघू’ हेच उत्तर येतं.

कराराचा कागदही तपासावा. सही कुलगुरू आणि आयुक्तांची असते. काम मात्र बांधकाम विभागाचा उपअभियंता, विद्युत विभागाचा वायरमन, पोलिस चौकीतला अधिकारी आणि प्रयोगशाळेतला सहाय्यक करतात. या चौघांची पदं करारात नावानिशी नव्हे, पदानिशी हवीत, कारण बदली झाली की नाव जातं. आकडे कुणाच्या मालकीचे, किती दिवस ठेवायचे आणि शोधनिबंधात वापरायला कुणाची परवानगी लागेल हेही आधीच लिहून घ्यावं. पर्वणी संपल्यावर भांडण यावरूनच होतं.

आणि एक कलम जे सहसा कुणी घालत नाही: पर्वणीनंतर चटया कुठल्या खोलीत वाळवायच्या, बॅटऱ्या दर तीन महिन्यांनी कोण चार्ज करणार आणि कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे.