एआयएफएफचा डी लायसन्स कोर्स: कॉलेजच्या कोचला कितपत उपयोगी?

कोल्हापुरात फुटबॉल सांगणारे गल्लीगणिक भेटतात, सरावाचं सेशन कागदावर मांडून देणारे मोजकेच. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा (एआयएफएफ) डी लायसन्स हा कोचिंगचा कोर्स नेमकं तेच शिकवतो, आणि फीचे पैसे तिथंच वसूल होतात. महासंघाच्या शिडीतली ही सुरुवातीची पायरी. वर सी, बी, ए आणि प्रो. महाराष्ट्रात कोर्स वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत लागतो, साधारण सहा दिवसांचा. मैदान, वर्ग आणि शेवटी परीक्षा.

प्रात्यक्षिकात एक विषय मिळतो आणि तो सोबतच्याच उमेदवारांना शिकवून दाखवायचा असतो. चांगले खेळाडूही गडगडतात ते इथंच. विषय पहिल्या टचचा आणि सूचना चालल्यात शूटिंगच्या. किंवा यूट्यूबवरून उचललेलं ड्रिल: आठ जण रांगेत उभे, एकटा पळतोय. ग्रिडचं, म्हणजे सरावासाठी आखलेल्या चौकोनाचं, माप तर हमखास चुकतं. 4 विरुद्ध 2 साठी (चौघं पास देणार, दोघं अडवणार) 10 बाय 10 मीटर ठीक. तेच 20 बाय 20 केलं की दोघं डिफेंडर पोहोचतच नाहीत, कसाही पास चालून जातो आणि टच सुधारायची गरजच उरत नाही. खेळ थांबवला तर एकच मुद्दा, करून दाखवून, वीसेक सेकंदांत, की लगेच पुन्हा सुरू. पेठेतल्या टचलाइनवर ओरडायची सवय असलेल्याला हे सगळ्यात जड जातं.

उणीव अशी की कोर्स हिरवळ आणि भरपूर बॉल गृहीत धरतो. कॉलेजच्या कडक मैदानावर बॉल उसळतो. नियमाप्रमाणे हवा 0.6 ते 1.1 अ‍ॅटमॉस्फिअर चालते. सरावाला ती खालच्या टोकाजवळ ठेवावी. बॉल चारच असतील तर एका मोठ्या ड्रिलऐवजी चार छोटे ग्रिड लावावेत.

वेळेचा प्रश्न याहून अवघड. चांगली पोरं तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या क्लबच्या, संघात असतात आणि केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) हंगाम सुरू झाला की कॉलेजला ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तोंडावरच मिळतात. दोन-तीन आठवड्यांत दम वाढत नाही. त्यात बचावाची रचना, कॉर्नर, फ्री किक एवढंच बसवावं. आदल्या दिवशी शाहू स्टेडियमवर मॅच खेळून आलेल्याला सरावात हलकंच काम द्यावं, नाहीतर हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरलीच म्हणून समजा. हा हिशेब डी लायसन्समध्ये फारसा मिळत नाही.

नोकरीसाठी मात्र या कागदावर विसंबू नये. कॉलेजातल्या शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदाला यूजीसीच्या नियमांप्रमाणे 55 टक्क्यांसह एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी), नेट किंवा सेट आणि शारीरिक क्षमता चाचणी लागते. तिशीपर्यंतच्या पुरुषांना 12 मिनिटांत 1800 मीटर. नुसत्या लायसन्सवर मिळतं ते बहुधा मानधनाचं काम. पूर्णवेळ कोच व्हायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा जास्त वजनदार, पण त्याला वेळही तसाच द्यावा लागतो.

बी.पी.एड. करणारे आणि तालमीतून खेळ थांबवत आलेले, यांनी कोर्स जरूर करावा. जाण्याआधी पहिला टच, पासिंग आणि 1 विरुद्ध 1 या विषयांची तीन सेशन लिहून दहा-बारा पोरांवर घेऊन बघावीत. शिट्टी, स्टॉपवॉच आणि कोरी वही स्वतःची न्यावी.