फळझाडावरच्या विषाणूचा जीनोम वाचायचाय: सँगर, इल्युमिना की नॅनोपोर?

जीनोम म्हणजे विषाणूचा पूर्ण जनुकीय मजकूर, आणि तो वाचायच्या या तीन पद्धती: सँगर एका वेळी एकच तुकडा वाचते, इल्युमिना लाखो आखूड तुकडे, नॅनोपोर लांबलचक तुकडे. पण मशीन निवडण्याआधी झाडाकडे बघा. पपईचं पीक काही वर्षांत काढलं जातं; संत्र्याचं किंवा प्लमचं झाड मात्र वर्षानुवर्षं उभं असतं, आणि बहुतेकदा कलमाचं असतं. डोळ्याबरोबर आलेला विषाणू आणि पुढे माव्यानं आणून सोडलेला त्याचाच दुसरा प्रकार एकाच झाडात सुखानं नांदतात. अशा मिश्रणाचा शोध घ्यायचा आहे की नाही, यावर निम्मी निवड ठरते.

विषाणू ओळखीचा असेल, नमुने बरेच असतील आणि 'कोणता प्रकार कुठे आढळतो' एवढंच हवं असेल, तर सँगर अजूनही पुरतं. एका वाचनात साधारण ७०० ते ९०० बेस (जनुकीय अक्षरं) विश्वासानं मिळतात. आवरण प्रथिनाचं (विषाणूच्या कवचाचं) जनुक पीसीआरनं, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवायचं, वाचायचं, वंशवृक्ष काढायचा. पपईवरच्या पपया रिंगस्पॉट विषाणूसारखा सुमारे १०,३०० न्यूक्लिओटाइडांचा (अक्षरांचा) जीनोम एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांनी पूर्णही वाचता येतो.

पण एकाच जनुकावर थांबलात तर फसगत होऊ शकते. प्लमवरच्या प्लम पॉक्स विषाणूचा 'रेक' हा प्रकार 'डी' आणि 'एम' या प्रकारांच्या पुनर्संयोगातून, म्हणजे दोघांच्या जीनोमचे तुकडे जुळून, तयार झालेला आहे. तुकडे जुळल्याची जागा, म्हणजे सांधा, आवरण प्रथिनाच्या अलीकडे, शेजारच्या एनआयबी जनुकाच्या शेवटाजवळ आहे. नुसतं आवरण प्रथिन वाचलं तर तो बिनबोभाट 'एम' म्हणून नोंदला जातो. संत्र्यावरच्या सायट्रस ट्रिस्टेझा विषाणूची अडचण वेगळी. त्याचा जीनोम सुमारे १९,३०० न्यूक्लिओटाइडांचा. ३' बाजूचा (शेवटाकडचा) अर्धा भाग प्रकारांमध्ये बराच सारखा, खरा फरक ५' बाजूला (सुरुवातीकडे). आवरण प्रथिन नेमकं ३' बाजूला बसलंय! शिवाय प्राइमर (वाढ सुरू करून देणारा छोटा डीएनए तुकडा) ज्या प्रकाराला चिकटत नाही तो निकालात दिसतच नाही, आणि काही हुकलंय हे कळतही नाही.

इल्युमिनाला प्राइमरची पूर्वअट नाही, म्हणून अनोळखी विषाणूसाठी मी तेच निवडेन. इथे खरा निर्णय मशीनचा नसून आरएनए कसा तयार करायचा याचा असतो. पॉली-ए शेपटीवरून (टोकाला सलग आलेल्या 'ए' अक्षरांवरून) आरएनए वेचला तर पपया रिंगस्पॉट आणि प्लम पॉक्स छान सापडतील, कारण दोघांना ती शेपटी आहे. ट्रिस्टेझाला ती नाही. त्यामुळे त्याच्यासाठी एकूण आरएनए घेऊन त्यातला झाडाचा स्वतःचा, भरमसाट असणारा रिबोसोमल आरएनए काढून टाकणं बरं. लघु आरएनएचा (झाड विषाणूच्या आरएनएचे जे बारीक तुकडे करतं ते वाचायचा) मार्ग विषाणू हुडकायला उत्तम, त्यात व्हायरॉइडही (प्रथिनाचं आवरण नसलेले चिमुकले रोगकारक आरएनए) सापडतात. पण २१-२२ न्यूक्लिओटाइडांचे ते तुकडे जोडून मिश्रणातले प्रकार वेगळे करता येत नाहीत.

मिश्र संसर्गात आखूड वाचनं जोडताना तयार होणारा 'पूर्ण जीनोम' कधी कधी झाडात कुठेच नसतो: अर्धा एका प्रकाराचा, अर्धा दुसऱ्याचा. त्यावर पुनर्संयोगाचं विश्लेषण केलं की सॉफ्टवेअर आपणच घातलेला सांधा शोधून दाखवतं.

नॅनोपोरची लांब वाचनं इथे कामाला येतात, कारण दूरवरचे दोन फरक एकाच रेणूवर आहेत का हे थेट दिसतं. जुन्या पोअरच्या (ज्या सूक्ष्म छिद्रातून रेणू सरकवून वाचला जातो त्याच्या) चुका त्रासदायक होत्या. नव्यांची अचूकता पुष्कळ सुधारली आहे, तरी एकच बेस सलग आला की अजूनही मोजणी चुकते. त्यामुळे वाचनचौकट (प्रथिन बनवताना तीन-तीन अक्षरांनी होणारी वाचणी) मोडल्यासारखी दिसली तर आधी अशी जागा तपासा. अगदी कमी प्रमाणातले फरक मोजायचे असतील तर मी इल्युमिनावरच भरवसा ठेवीन. आणि लांब तुकडे पीसीआरनं वाढवणार असाल तर सावध: प्रत काढताना मध्येच एका प्रकारावरून दुसऱ्यावर उडी मारून पीसीआरही खोटे संकर बनवतो. थेट आरएनए वाचायचा झाला तर शेपटीचा प्रश्न पुन्हा येतो. ट्रिस्टेझाला ती आधी जोडून द्यावी लागते.

केळीच्या बंची टॉप विषाणूला एवढा खटाटोप लागत नाही. सहा गोलाकार डीएनए घटक, प्रत्येकी साधारण हजार बेसचे. रोलिंग सर्कल पद्धतीनं (गोल डीएनएभोवती फिरत फिरत प्रती काढून) वाढवून सँगरनं वाचा. मात्र वंशवृक्ष घटकागणिक वेगळा काढा, कारण घटकांची अदलाबदल होते.

ट्रिस्टेझाग्रस्त जुन्या झाडासाठी माझा कौल आधी इल्युमिना, मिश्रण दिसलं तर नॅनोपोर, आणि संशयास्पद सांध्यावर सँगरची खातरजमा असा आहे. जीनोमची अगदी टोकं हवी असतील तर टोकं वाचायची 'रेस' (RACE) ही खास पद्धत वेगळी करावीच लागेल. एकाच फेरीत बरेच नमुने चालवताना निरोगी झाडाचा नमुनाही घाला; शेजारच्या नमुन्यातली चार-दोन वाचनं सहज इकडे येतात, आणि तेवढ्यावर विषाणूचा नवा यजमान (त्याची लागण होणारी नवी झाडजात) जाहीर झाला की तो मागे घेणं अवघड जातं.