दिल्लीतील मुलाखत, पाच रात्रींची खोली आणि गेलेले २४,४७० रुपये

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीसाठी मुलीसोबत दिल्लीला जायचे ठरल्यावर तिथे उतरण्याची सोय आधीच करून ठेवावी, या सद्हेतूने मी जे काही केले त्यात माझे २४,४७० रुपये गेले. हे चारचौघांत सांगू नये असे घरातल्या सर्वांचे मत आहे. आयुष्यभर सरकारी कार्यालयात दुसऱ्यांची बिले तपासून त्यांवर लाल शाईने आक्षेप काढणाऱ्या माणसाने असे पैसे घालवावेत, ही गोष्ट नातेवाइकांच्या चहापाण्याला पुरून उरेल याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही लिहितो, कारण ते बनावट अतिथीगृह अजूनही इंटरनेटवर दिमाखात उभे आहे आणि मुलाखतीला निघालेल्या मुलांचे आईबाप माझ्यासारखेच रात्री मोबाइल घेऊन बसलेले असणार.

ई-समन पत्रावर मुलाखतीची तारीख, सकाळचे सत्र आणि धौलपूर हाऊस, शाहजहान रोड हा पत्ता होता. मुलगी सराव-मुलाखतींमध्ये गुंतलेली असल्याने प्रवासाची आणि राहण्याची व्यवस्था मी स्वतःकडे घेतली, आणि रेल्वेपुरती ती चोख केली. आमच्या भागातून थेट दिल्लीला जाणारी सचखंड एक्सप्रेस धरली. स्लीपर वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे आयोगाकडून परत मिळते, म्हणून तिकिटांच्या प्रती आणि प्रवास भत्त्याचा फॉर्म एका वेगळ्या फायलीत लावला. राहण्याचा खर्च मात्र आपला आपणच करायचा असतो. हिवाळ्यात उत्तरेकडच्या गाड्या धुक्यामुळे तासन्‌तास रखडतात, त्यामुळे दोन दिवस आधी पोहोचायचे. मुलाखतीच्या पाठोपाठ दिल्लीतच वैद्यकीय तपासणी असते, तिच्यासाठी थांबायचे. आणि एक दिवस हाताशी ठेवायचा, अशा हिशेबाने पाच रात्री धरल्या. हा हिशेब मला आजही बरोबरच वाटतो.

मुलीने महाराष्ट्र सदनाचे नाव सुचवले होते. तिथे मंत्री आणि आमदार उतरतात, आपल्यासारख्यांना कोण विचारतो, असा माझा समज होता आणि तो माझ्या पिढीतल्या बहुतेकांचा असतो. मुलाखतीला येणारी महाराष्ट्रातली मुले तिथे उतरतात हे मला नंतर कळले. ज्यांच्या घरी समन पत्र आले असेल त्यांनी पहिली चौकशी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सदनात करावी. इंडिया गेट ओलांडले की पुढे शाहजहान रोडच लागतो.

शोध घेताना सर्वांत वर जे अतिथीगृह आले त्याचे नाव एखाद्या मराठी धर्मादाय संस्थेसारखे होते. छायाचित्रांत स्वागतकक्षात गणपतीची मूर्ती, खोल्यांत पांढऱ्याशुभ्र चादरी आणि खाली ‘मुलाखतीच्या उमेदवारांसाठी सवलत’ अशी ओळ होती. भाडे रात्रीला १,६५० रुपये. त्या भागात एवढ्या भाड्यात खोली कशी मिळेल असे कोणी विचारील, तर धर्मादाय संस्थांची भाडी कमीच असतात हे पंढरपूर-शिर्डीला जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. फोन उचलणाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, “ताई का इंटरव्यू फोरनून में है या आफ्टरनून में?” मुलाखती दोन सत्रांत होतात हे ज्याला माहीत आहे तो आतलाच माणूस असणार, असे त्या क्षणी मला वाटले. ही माहिती आयोगाच्या प्रत्येक वेळापत्रकात छापलेली असते, हा विचार तेव्हा सुचला नाही. त्याने खात्रीसाठी समन पत्राची आणि आम्हा दोघांच्या आधार कार्डांची प्रत व्हॉट्सॲपवर मागितली आणि मी ती पाठवली. समन पत्र कोणालाही पाठवू नका. त्यावर तुमच्या मुलाचा अनुक्रमांक असतो आणि मुलाखतीची तारीखही असते.

आता त्या बिलाविषयी सांगतो, कारण झोप उडते ती त्याच्यामुळे. ‘प्रोफॉर्मा इन्व्हॉइस’ म्हणून जो कागद आला त्यावर पाच रात्रींचे ८,२५०, त्यावर १८ टक्के जीएसटी १,४८५ आणि एकूण ९,७३५ रुपये असे लिहिले होते. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्के आहे, त्याआधी १,६५० च्या खोलीला १२ टक्के होता. १८ टक्के या भाड्याला कधीच नव्हता. जीएसटी क्रमांक ०८ ने सुरू होत होता. ०८ म्हणजे राजस्थान. दिल्लीचा संकेतांक ०७, आपला २७. दिल्लीतल्या खोलीचे बिल दिल्लीच्याच नोंदणीवर निघते, कारण खोली जिथे आहे तिथेच ती सेवा दिली गेली असे कायदा मानतो. हे सारे मला पाठ आहे. मी चष्मा पुसून तो क्रमांक पुन्हा वाचला, मनात म्हटले की यांचे मुख्यालय जयपूरला असेल, आणि पुढे सरकलो. तो क्रमांक मी मोजलाही नाही. मोजला असता तर पंधरा अक्षरांऐवजी चौदाच भरली असती, आणि चौदा अक्षरांचा जीएसटी क्रमांक या देशात कोणाकडेही नाही. माझ्या टेबलावर एखाद्या ठेकेदाराने असे बिल आणले असते तर मी ते त्याच्या तोंडावर परत केले असते. परंतु कार्यालयात समोर कागद असतो आणि वेळ असतो. इथे पलीकडून “सर, शेवटची खोली उरली आहे, दुसऱ्या उमेदवाराचा फोन होल्डवर आहे” असा धोशा चालू होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही क्रमांक लॉगिन न करता तपासता येतो, तेवढे तरी करत चला.

९,७३५ रुपये यूपीआयने पाठवले. पिन टाकण्याआधी पडद्यावर संस्थेऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसले. ते “आमचे अकाउंटंट” असल्याचे उत्तर तयारच होते. तिथून पुढचा प्रकार वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. भाडे आणि कर एकत्र भरल्यामुळे रक्कम ‘सिस्टीममध्ये अडकली’. ८,२५० आणि १,४८५ वेगवेगळे भरावेत, आधीचे आपोआप परत येतील. मी भरले. सरकारी चलनांत मूळ रक्कम आणि कर वेगळ्या शीर्षाखाली भरावे लागतात हे पाहत आलेल्या माणसाला त्यात वावगे वाटले नाही, यात नवल ते काय? त्यानंतर परताव्यासाठी खाते ‘व्हेरिफाय’ करायचे म्हणून ५,००० रुपये. तेही गेले. शेवटी १९,४७० रुपये परत देण्यासाठी म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकण्यास सांगितले. आवाज ऐकून आतल्या खोलीतून आलेल्या मुलीने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. “बाबा, पैसे घ्यायला पिन लागत नाही,” एवढेच ती म्हणाली. पलीकडच्या माणसाने तिला दोन शिव्या हासडल्या आणि फोन ठेवला.

तिची एक मैत्रीण ओल्ड राजेंद्रनगरला राहते. दुसऱ्या दिवशी ती बिलावरच्या पत्त्यावर जाऊन आली. पत्ता काकानगरचा होता आणि तिथे केंद्र सरकारी अधिकाऱ्यांची वसाहत आहे. “काका, इथे क्वार्टर आहेत, गेटवरचा माणूस आत सोडायलाही तयार नाही,” असा तिचा फोन आला.

सायबर फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर त्याच रात्री लावलेला फोन बऱ्याच वेळाने लागला. तक्रार नोंदवून पोचक्रमांक मिळाला, इथपर्यंत यंत्रणेविरुद्ध माझी तक्रार नाही. प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवून फोन करा. तो शोधण्यातच माझा मोलाचा वेळ गेला. खरा छळ सकाळी सुरू झाला. स्थानिक पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी माझे म्हणणे अर्धे ऐकून, गुन्हा दिल्लीत घडला आहे, तिकडे जाऊन तक्रार द्या, असे सांगितले. पैसे माझ्या घरातून, माझ्या खात्यातून, इथल्या शाखेतून गेले. मग गुन्हा दिल्लीत कसा घडला? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, असे मी अत्यंत नम्रपणे म्हणालो. त्यावर “आजोबा, कलमं आम्हाला शिकवू नका” असे उत्तर मिळाले आणि मला सायबर ठाण्याकडे पाठवण्यात आले. सायबर ठाण्याने १९३० वर तक्रार झालेलीच आहे, आता वेगळे काय हवे, असे विचारले. बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा आणा म्हणाले. तो नेला तर संबंधित अधिकारी बंदोबस्ताला गेले होते. पुन्हा गेलो तेव्हा उताऱ्यावर शाखाधिकाऱ्यांची पूर्ण सही नाही, केवळ आद्याक्षरे आहेत, असा आक्षेप निघाला. सरकारी नोकरीत मीही आक्षेप काढले आहेत, परंतु फसवल्या गेलेल्या माणसाच्या कागदावर असला आक्षेप काढण्याचे धैर्य मला झाले नसते. दहा लाखांवरच्या सायबर तक्रारींचे आपोआप एफआयआरमध्ये रूपांतर करण्याची योजना मे २०२५ मध्ये दिल्लीत सुरू झाल्याचे वाचले होते. साडेचोवीस हजारांना एवढा मान कोण देणार! एका निवृत्त माणसाच्या खिशात तेवढेच असतात, म्हणून चोरही तेवढेच नेतो.

बँकेची तऱ्हा निराळी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाची छापील प्रत घेऊनच मी गेलो होतो. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर बोजा पडत नाही अशी तरतूद त्यात आहे. शाखाधिकाऱ्यांनी ती प्रत न उघडता, ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, तुम्ही पिन स्वतः टाकला म्हणजे व्यवहार अधिकृत झाला, असे सांगितले. शब्दशः त्यांचे म्हणणे खरे असेल. पण मग खोट्या नावाने खाती उघडू देणारी, किंवा उघडलेली खाती भाड्याने जाऊ देणारी बँक कोणतीच जबाबदार नाही का, याचे उत्तर त्यांनी “वर मेल करा” असे दिले. वर म्हणजे कुठे, हे विचारल्यावर भिंतीवरचा फलक दाखवण्यात आला. लेखी तक्रारीची पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका, कारण तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना तीच लागते.

आजवरची एकूण वसुली अशी: १,४८५ रुपयांची रक्कम दुसऱ्या एका खात्यात गेली होती, ती गोठवली गेली आहे. ती परत हवी तर न्यायालयाचा आदेश आणा, असे सायबर ठाण्याने सांगितले. वकिलाने या कामाचे ३,००० रुपये मागितले. हा हिशेब कोणत्या शीर्षाखाली लिहावा, हे मला अजून उमगलेले नाही.

दिल्लीला आम्ही ठरल्याप्रमाणे गेलो. त्या मैत्रिणीने करोल बागेत प्रत्यक्ष जाऊन, खोली पाहून, मालकाशी बोलून रात्रीला २,२०० रुपयांत सोय केली आणि पैसे पोहोचल्यावर दिले. एवढीच सरळ रीत आहे. दिल्लीत ओळखीचे कोणीतरी शिकत असतेच. त्याला आधी खोली बघून येऊ द्या आणि मगच रुपया हलवा. मुलाखतीच्या आदल्या रात्री मुलीला फोन आला, आयोगातून बोलतो, कागदपत्र पडताळणीचे ३,५०० रुपये भरायचे राहिले आहेत. तिचा अनुक्रमांक आणि सत्र त्याने बरोबर सांगितले. तो तपशील कुठून गेला हे तिला ठाऊक होते आणि मलाही. तिने फोन कापला आणि माझ्याकडे न बघता झोपायला गेली. मुलाखत झाली, कशी झाली हे इथे लिहायचे नाही अशी तिची ताकीद आहे. आमचे दोघांचे आधार बायोमेट्रिक मी लॉक करून घेतले आहेत, आणि यापुढे कोणाला आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेलीच प्रत देणार आहे.

त्या संकेतस्थळाविरुद्ध ऑनलाइन तक्रार केली असता ‘तुमच्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ असे उत्तर आले. परवा पाहिले तेव्हा भाडे १,७५० झाले होते, गणपती तिथेच होता. माझ्या तक्रारीवर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली, याची टिपणीसह माहिती मिळावी म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज पोलिसांकडे दिला आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर काय करायचे हे मला नोकरीने चांगले शिकवले आहे. पहिल्या अपिलाचा मसुदा लिहून तयार आहे, त्यावर फक्त तारीख टाकायची राहिली आहे.