ईएसपी-३२ डेव्हकिट: पंपघरात एक पावसाळा काढल्यावर

देवगडच्या सड्यावर कलमांच्या टाकीत पाणी चढवणारा पंप हा ३० पिनांचा, वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड सांभाळतो आहे. निकाल आधीच सांगतो: चिप उत्तम, बोर्ड ठीक, आणि त्यासोबत घेतल्या जाणाऱ्या जंपर वायरी (पिनांवर नुसत्या खोचायच्या) खाऱ्या हवेत कुचकामी.

सुरुवातीला अडवते ती केबल. नुसत्या चार्जिंगच्या केबलने बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकात पोर्ट दिसत नाही. डेटाची केबल घ्या. यूएसबीजवळची चिप सीपी२१०२ आहे की सीएच३४० ते वाचून त्याचा ड्रायव्हर टाका. अपलोड करताना ‘कनेक्टिंग’पुढे टिंबंच वाढत राहिली, तर बूटचं बटण दाबून धरायचं आणि लिहिणं सुरू झालं की सोडायचं. दर वेळी हे नको असेल तर ईएन (रीसेटचा पिन) आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डकवा, प्लस बाजू ईएनकडे. पहिला प्रोग्रॅम दिवा लुकलुकवणारा असू दे. दुसरा मात्र रीसेटचं कारण सिरियल मॉनिटरवर छापणारा हवा; पुढचं निम्मं निदान त्यावरच होतं.

कोड वाढवण्याआधी पिनांचा तक्ता कागदावर काढा. ३४, ३५, ३६ आणि ३९ हे फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतून पुल-अप (पिनाला हायकडे, म्हणजे ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) नाही. टाकीचा फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर लागणारा-सुटणारा) तिथे जोडायचा तर ३.३ व्होल्टकडे १० किलोओहमचा रेझिस्टर बाहेरून लावावा लागतो. १२ नंबरचा पिन चालू होताना हाय राहिला, तर चिप फ्लॅशला (प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीला) १.८ व्होल्ट देऊ बघते आणि बोर्ड उठतच नाही. एडीसी-२ (अॅनालॉग व्होल्टेज मोजणारा चिपमधला दुसरा भाग) चे पिन वायफाय चालू असताना अॅनालॉग वाचनासाठी धरूच नका. सिग्नलच्या कुठल्याही पिनला ५ व्होल्ट नको. रिलेसाठी (पिनच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) २६ बरा: हाय-ट्रिगर मोड्यूल (पिन हाय झाला तरच लागणारं) आणि पिनपासून ग्राउंडला १० किलोओहम. फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्रॅम) जागं होईपर्यंत किंवा मधेच अडकून रीसेट झालं तरी पंप बंदच राहतो. लो-ट्रिगर मोड्यूल स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नये.

रिलेवर १० अँपिअर छापलेलं असलं तरी दीड एचपीची मोटर थेट जोडायची नाही. सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरचा जड करंट जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवायची. कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स-२ कपॅसिटरचा (मेन्सच्या विजेवर चालणारा) स्नबर, म्हणजे झटका शोषणारी जोडी, लावा, नाहीतर कॉन्टॅक्टर सुटताना येणाऱ्या झटक्याने बोर्ड रीसेट होतो. हा भाग वायरमनकडूनच करून घ्या.

‘ब्राउनआउट’चा (व्होल्टेज घसरल्याचा) संदेश दिसला की लोक कोडमध्ये ती तपासणीच बंद करतात. अजिबात करू नये. वायफाय सुरू होताना करंट क्षणभर उसळतो आणि बारीक, लांब वायरीत व्होल्टेज पडतं. ५ व्होल्ट २ अँपिअरचा सप्लाय, आखूड जाड वायर आणि बोर्डाशी ४७० मायक्रोफॅरड एवढं पुरतं.

इथे मृगापासून वीज जात-येत राहणार हे गृहीत धरूनच फर्मवेअर लिहा. वीज आल्यावर पाच मिनिटं थांबा, मगच पंप. सलग चालण्याची कमाल वेळ ठरवा, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर रीसेट करणारा टायमर) चालू ठेवा. सेटिंग बदललं तरच फ्लॅशमध्ये लिहा. दर सेकंदाला लिहिलंत तर फ्लॅश झिजते. आणि पंपाचा निर्णय वायफायवर टांगू नका. बोर्डाला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं आणि चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे तेही तुटतं.

ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायचा) टेबलापुरता. पंपघरात परफबोर्डवर (भोकांच्या पाटीवर) सोल्डर करून स्क्रू टर्मिनल लावा. जंपरच्या टोकांवर हिरवट थर चढला की फ्लोट कधी लागतो, कधी नाही, आणि दोष कोडमध्ये शोधत बसावं लागतं. पेटी आयपी-६५ची (धूळ आणि पाणी अडवणारी), प्लास्टिकची. धातूच्या पेटीत अँटेना मरतो. ग्लँड (केबल आत घेणारी घट्ट टोपणं) खालच्या बाजूला ठेवा. फटी बुजवायला न्यूट्रल सिलिकॉनच घ्या, कारण व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुटणारं आम्ल तांबं खातं. कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ लेप) मारताना बटणं, यूएसबी आणि पिनांवर टेप लावा.

विहिरीपासून लांब, बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरसाठी मात्र हा बोर्ड घेऊ नये. डीप स्लीपमध्ये (जवळजवळ सगळं बंद ठेवून झोपल्यावर) चिप १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, पण बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबी चिप आणि तो लाल दिवा कित्येक मिलिअँपिअर पीत राहतात. तिथे सुटं मोड्यूल आणि कमी करंटवर चालणारा रेग्युलेटर वापरा.