हलके, स्वस्त सॅडल आणि रेलच्या खोबणीतली कुरकुर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

रोड बाईकसाठी हलके आणि खिशाला परवडणारे सॅडल, म्हणजे सायकलची सीट, घेताना आपण वजनाचा आकडा पाहतो, रुंदी पाहतो, वरचे आवरण दाबून पाहतो. यापुढे मी मात्र सॅडल आधी उलटे करणार आहे, आणि रेलची, म्हणजे सॅडलखालच्या दोन दांड्यांची, मागची टोके तळाच्या प्लास्टिकमध्ये जिथे बसवलेली असतात ती खोबण तपासल्याशिवाय पैसे देणार नाही. हिवाळ्यात घेतलेले माझे क्रोमोली (एक मिश्र पोलाद) रेलचे सॅडल भर पावसाळ्यात नेमके त्याच जागी कुरकुरू लागले आणि ते बदलून घेण्यासाठी दुकानाशी बरीच हुज्जत घालावी लागली.

मापाचे काम घरीच उरकले होते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवून, पुढे वाकून त्यावर बसले की बैठकीच्या दोन हाडांचे खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर माझ्या बाबतीत 128 मिलिमीटर भरले, आणि सॅडल त्याहून बरेच रुंद लागते, त्यामुळे 143 आणि 155 या सर्रास मिळणाऱ्या मापांपैकी 155 घेणे ओघानेच आले. दुकानात मात्र "मॅडम, लेडीज सीट घ्या, जेलवाली, एकदम मऊ आहे" हाच आग्रह चालू होता, जणू बाई सायकल चालवते म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडेच जाते. कार्बन रेलचा विचार मी लगेच सोडला, कारण त्या बहुधा 7 बाय 9 मिलिमीटरच्या लंबगोल असतात आणि माझ्या सीटपोस्टचा (सॅडल ज्या नळीवर बसते तिचा) रेल बाजूने आवळणारा क्लॅम्प 7 मिलिमीटरच्या गोल रेलसाठी आहे. टायटॅनियमने आणखी तीसचाळीस ग्रॅम वाचले असते, पण त्यासाठी दुपटीहून अधिक किंमत मोजणे मला पटले नाही. शेवटी 2,600 रुपयांत आखूड नाकाचे, मध्ये खाच असलेले सॅडल घेतले. स्पेशलाइज्ड या अमेरिकी सायकल कंपनीने 2015 मध्ये 240 मिलिमीटर लांबीचे 'पॉवर' सॅडल आणले तेव्हापासून हा आकार रुळत गेला, आणि आता तो स्वस्त सॅडलमध्येही मिळतो.

खोक्यावर 235 ग्रॅम छापलेले होते, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मात्र ते 254 भरले. छापलेला आकडा 143 मापाच्या सॅडलचा होता आणि रुंद माप जड असणारच, पण तसे खोक्यावर लिहायला काय हरकत होती? जुने जेलचे सॅडल 390 ग्रॅमचे होते, म्हणजे 136 ग्रॅम कमी झाले. सायकल आणि मी मिळून 68 किलो धरले तर ही बचत 0.2 टक्के होते, आणि ठाण्यातल्या उपवनहून येऊरचा वीस मिनिटांचा चढ तिच्यामुळे फार तर अडीच सेकंदांनी लवकर संपतो. एवढ्यासाठी कोणी 10,000 रुपये घालत असेल तर त्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

बसण्याच्या सोयीबद्दलचे माझे मत मधल्या काळात बदलले. पहिले काही आठवडे सॅडल इतके कठीण वाटत होते की ते परत करण्याचा विचार मनात येत असे. पुढे लांबच्या फेऱ्यांनंतर लक्षात आले की पूर्वी घोडबंदर रोडवर गायमुखच्या पुढे गेल्यावर हमखास येणारी बधिरता आता येत नाही. जाड, मऊ जेलमध्ये हाडे रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. कठीण पण योग्य रुंदीच्या सॅडलवर भार हाडांवरच राहतो. सोयीच्या बाबतीत मी आज या सॅडलला पूर्ण गुण देते.

कुरकुर पावसाबरोबर सुरू झाली. ती फक्त बसून पेडल मारताना येई आणि उभे राहिले की थांबे, त्यामुळे क्रँक (पेडलचे दांडे) आणि पेडल संशयातून सुटले. सीटपोस्ट काढून पुसली, ग्रीस लावले, क्लॅम्पचे बोल्ट साफ केले, तरी डाव्या पायाच्या प्रत्येक दाबासरशी तोच कोरडा आवाज येत राहिला. शेवटी सॅडल उतरवून उजेडात धरले. मागच्या डाव्या खोबणीत घोडबंदर रोडची बारीक खडी आणि चिखल यांचा राखाडी लगदा बसला होता, आणि टूथब्रशने तो काढल्यावर काळ्या प्लास्टिकवर केसाएवढी पांढरी रेघ दिसली. मडगार्ड नसलेल्या रोड बाईकचे मागचे चाक पाण्याचा फवारा थेट सॅडलच्या बुडावर मारते. त्यातली वाळू रेल आणि खोबण यांच्यामध्ये शिरते आणि प्रत्येक दाबाबरोबर तिथे घासत राहते. खोबण घट्ट असती तर वाळूला शिरायला वावच मिळाला नसता.

दुकानदाराचे म्हणणे, आवाज हा दोष नव्हे, झीज आहे. पांढरी रेघ दाखवल्यावर तो म्हणाला, "बोल्ट जास्त आवळलाय मॅडम." मी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना, वापरते, सीटपोस्टवर छापलेल्या आकड्यापलीकडे जात नाही, आणि क्लॅम्प रेलवरच्या खुणांच्या आतच होता. शिवाय बोल्टचा ताण रेलच्या मधल्या भागावर येतो, मागच्या टोकाच्या प्लास्टिकला तो चिरणार कसा, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. अखेर तिथल्याच मेकॅनिकने मागच्या कडेवर दोन्ही तळवे टेकून भार दिला, रेलजवळ कान नेला आणि मालकाला म्हणाला, "शेठ, ताई बरोबर बोलतायत, खोबणच हलतेय." त्यानंतर फोटो पुरवठादाराकडे गेले, आणि बऱ्याच पाठपुराव्यानंतर त्याच मॉडेलचे नवे सॅडल मिळाले.

नवे सॅडल ताब्यात घेण्यापूर्वी मी ते उलटे करून दोन्ही अंगठ्यांनी चारही खोबणी दाबून पाहिल्या. रेल तसूभरही हलली नाही. आता सॅडलखाली अडकवायचे छोटे मडगार्ड लावले आहे. वाचवलेल्या वजनातले थोडे त्यात गेले, पण पावसात सायकल चालवणाऱ्याने ते लावावेच. पावसातून आल्यावर मी खोबणी स्वच्छ पाण्याने धुते आणि वाळल्यावर तेलाचा एक थेंब सोडते. या किमतीत 155 मापाचे दुसरे चांगले सॅडल मला सापडलेले नाही, त्यामुळे कोणी विचारले तर मी हेच सुचवेन, मात्र ऑनलाइन न मागवता दुकानात हाताने तपासून घ्यायला सांगेन. आणि कुरकुरीच्या भीतीने कोणी टायटॅनियमकडे वळणार असेल, तर त्या रेलचीही टोके बहुतेक सॅडलमध्ये अशाच खोबणीत बसवलेली असतात.